पायातली साखळी खालून दिसत नाही

आज न्यूयॉर्कला, लिबर्टी आयलंडवर.

बोट बेटाजवळ आली तसे सगळ्यांचे मोबाईल वर गेले, माझाही. खरं सांगू? पहिला विचार आला, फोटोत ही जास्त मोठी वाटते! चौथऱ्यासकट ९३ मीटर उंच आहे, पण समोर मॅनहॅटनचे टॉवर, मग काय होणार. तो हिरवा रंगही नंतरचा. मुळात तांबं ते, नव्या बंबासारखं लालसर.

तिच्या पायाशी तुटलेली साखळी आहे, गुलामगिरी संपल्याची खूण. खालून मात्र ती नीट दिसतच नाही. मला तर आधी माहीतही नव्हतं.

उद्घाटन झालं २८ ऑक्टोबर १८८६ ला. स्वातंत्र्याची मूर्ती बाईची, आणि बेटावरच्या समारंभाला मोजक्या एक-दोघी सोडल्या तर बायकांना जागाच नाही! मग मताधिकार मागणाऱ्या बायकांनी स्वतःची बोट भाड्याने घेतली आणि समुद्रातूनच निषेध केला. ज्या देशात बाईला मत नाही, तिथे स्वातंत्र्य म्हणून बाई उभी करता? असा त्यांचा सवाल. देशभर मताधिकार मिळायला १९२० उजाडलं.

आणि गंमत म्हणजे तेव्हा आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेतच होत्या. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आल्या, त्या १८८८ पर्यंत राहिल्या. १८८९ मध्ये त्यांचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तक आलं. त्यात तिथल्या स्त्रियांच्या स्थितीवर वेगळं प्रकरण आहे. जरूर वाचा.

परतताना बोट एलिस आयलंडला थांबते. ते पुढच्या भागात.