परप्रांतातली पहिली नेमणूक

मराठीच्या आरंभीच्या छापील व्याकरणांपैकी एक १८०५ साली पुण्यात वा मुंबईत नव्हे, तर बंगालमधील श्रीरामपुरात निघाले, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. कर्ते विल्यम कॅरी, साहाय्यक पंडित वैजनाथ शर्मा. १८१० मध्ये कॅरींचा मराठी-इंग्रजी कोशही प्रसिद्ध झाला, त्यातले मराठी शब्द मोडी लिपीत. या खटाटोपामागे प्रशासनाची निकड होती. लॉर्ड वेलस्लीने १८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज स्थापिले ते कंपनीच्या नवख्या नोकरांना देशी भाषा शिकविण्यासाठी, आणि कॅरी तेथे शिकवीत. ज्याला मुलखाची भाषा येत नाही तो साहेब कारकुनाच्या हातचे बाहुले होतो, हे त्या व्यापारी कंपनीलाही उमगले असावे.

अर्थात इंग्रजाला सारा हिंदुस्थानच परका. स्वदेशातल्या परक्या प्रांतात अधिकारी म्हणून जाण्याचा अनुभव आय.सी.एस.मध्ये प्रथम आला तो सत्येंद्रनाथ ठाकुरांना. रवींद्रनाथांचे हे वडील बंधू १८६३ साली ती परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय. घर कलकत्त्याच्या जोडासांको भागात, आणि प्रांत मिळाला मुंबई! १८६५ साली ते अहमदाबादेत कामावर रुजू झाले. पुढे गुजराती शिकले, मराठी शिकले, इतकी की तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. पत्नी ज्ञानदानंदिनी देवी पडदा सोडून त्यांच्यासोबत आल्या. मुंबईत पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची रीत त्यांनी पाहिली, आणि तिच्यावरून बेतलेली नेसण पुढे बंगालच्या सुशिक्षित घरांत रूढ झाली. (नेमणुकीच्या आदेशात असल्या परिणामांची नोंद कधी नसते.) १८७८ मध्ये सतरा वर्षांचे रवींद्रनाथ अहमदाबादेत याच भावाच्या बंगल्यावर राहिले होते. तीस वर्षांहून अधिक काळ मुंबई इलाख्यात काढून सत्येंद्रनाथ १८९७ साली साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, ऑक्टोबर १९४६ मध्ये, सरदार पटेलांनी प्रांतांच्या पंतप्रधानांच्या परिषदेत अखिल भारतीय सेवेचा आग्रह धरला. सर्वच प्रांतांना ही कल्पना रुचली होती असे नाही. आपला कारभार आपल्याच माणसांनी चालवावा ही भावना स्वाभाविकच होती. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने, भाषावार राज्यांची शिफारस करतानाच, या सेवांतले निदान निम्मे नवे अधिकारी राज्याबाहेरचे असावेत असे सुचविले. पुढे बाहेरचे दोन व राज्यातला एक हे प्रमाण रूढ झाले. २०१७ साली राज्यांचे पाच विभाग पाडून उमेदवारांना पसंतीक्रम देताना सर्व विभागांत हिंडायला लावले गेले. उद्देश जुनाच.

मी पदवी घेतली ती महाराष्ट्रात, आणि राज्य वाट्याला आले ओडिशा. सातबाऱ्यावर वाढलेल्या माणसाला तेथे पट्टा आणि खतियान नव्याने शिकावे लागतात. लिपी वळणदार, महिनाभरात फलक वाचता येतात, पण अर्जदाराने हाताने लिहिलेला ओडिया अर्ज वाचायला वर्ष लागते. शिवाय इतिहास सोबत येतोच. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १७५१ ते १८०३ या काळात तेथे होता, आणि बंगाल-ओडिशाच्या लोकस्मृतीत ‘बर्गी’ म्हणजे लुटारू मराठा स्वार. शाळेत शिकलेला अटकेपार झेंडा तेथे जरा जपूनच फडकवावा.

बाहेरचा अधिकारी निःपक्षपाती असतो, असे या पद्धतीच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते. मला ते अर्धेच पटते. गावात भाऊबंद नसले की जमिनीच्या वादात दडपण कमी येते, हे खरे. पण पक्षकार काय म्हणतो हे दुभाष्याच्या तोंडून कळत असेल, तर निकाल कोणाचा, अधिकाऱ्याचा की दुभाष्याचा? म्हणून परिविक्षाधीन अधिकाऱ्यांच्या स्थानिक भाषेच्या परीक्षेत लेखी उताऱ्याइतकेच वजन सुनावणीला द्यावे, असे मी म्हणेन. समोर खराखुरा अर्जदार बसवावा, दुभाषी खोलीबाहेर ठेवावा, आणि उमेदवाराने तक्रार ऐकून तिचा गोषवारा त्याच अर्जदाराला त्याच्या भाषेत सांगावा. तो मान हलवील तर उत्तीर्ण.