करार, कर्ज आणि मास्टर्सची पदवी

मास्टर ऑफ फिजिओथेरपीला प्रवेश मिळालेली आपली मुलं-मुली आम्हाला एकच प्रश्न विचारतात: "कर्ज काढू का?" उत्तर देण्याआधी आम्ही त्यांना थोडा इतिहास सांगतो.

जून १९१३ मध्ये बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. दरमहा ११.५ पौंड, तीन वर्षे; बदल्यात दहा वर्षांची नोकरी. म्हणजे शिक्षण घेतानाच कमाईची हमी होती. पण १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजू झाले तेव्हा शिपाई लांबूनच फाइल फेकत. पारशी धर्मशाळेतून त्यांना लाठ्या घेतलेल्या जमावाने अकराव्या दिवशी बाहेर काढले. कोलंबियाची पदवी होती, नोकरी होती, राहायला जागा नव्हती. पदवीची किंमत बाजार एकटा ठरवत नाही, जातही ठरवते.

पुढे सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपये पगारावर त्यांनी पैसे साठवले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते ही बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज यांच्या बळावर. हा भार किती जड असतो हे त्यांनी स्वतः सोसले होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी निधी मिळवला, आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ही भीक नव्हे, हक्क आहे.

आता आजचे पाहू. मुंबईत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले ते महापालिकेच्या केईएम रुग्णालयात, सार्वजनिक पैशावर. आज बहुतेक जागा खाजगी कॉलेजांत आहेत. शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. मॅनेजमेंट कोट्यातल्या विद्यार्थ्याला ती मिळत नाही. मग उरते बँक.

हिशोब करा. ५ लाख कर्ज, १० टक्के व्याज. दोन वर्षे कोर्स आणि एक वर्ष सवलतीचे, या काळात हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते. सुरुवातीलाच सगळी रक्कम उचलली तर सरळव्याजाने दीड लाख वाढतात. साडेसहा लाख दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे ८,६०० रुपये. पहिल्या पगारातून खोलीभाडे आणि घरी पाठवायचे पैसे वजा करा, मग हा हप्ता बसतो का पाहा. ज्याच्या बापाचे क्लिनिक आहे, त्याला हा प्रश्न पडत नाही.

म्हणून आम्ही "शिकू नका" म्हणत नाही. शिका, पण कॉलेजला आधी लेखी विचारा: गेल्या वर्षीचे विद्यार्थी कुठे लागले, किती पगारावर? आणि संघटित होऊन मागा: २०२१ च्या कायद्याने अलाइड हेल्थच्या व्यवसायांना राष्ट्रीय आयोग दिला, तर ग्रामीण रुग्णालयांत कायम पदेही द्या, आणि शिष्यवृत्ती वेळेवर द्या.

बडोद्याने पैसे दिले, जागा दिली नाही. आज जागेसाठीही पैसे आपणच भरतो आहोत. हा हिशोब विचारणे हाच संघर्ष.

जय भीम!