फोर्कलिफ्ट बॅटरी : निगा व आयुर्मान
विजेवरील फोर्कलिफ्टची शिसे-आम्ल बॅटरी २ व्होल्टच्या घटांची असते. ४८ व्होल्टसाठी २४ घट जोडतात. बुटीबोरी, मिहान अशा नागपूरच्या उद्योगक्षेत्रांत तिचा खरा शत्रू उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, आणि बॅटरी सतत २५ ऐवजी ३५ अंशांवर राहिली तर आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून चार्जिंग रात्री, हवेशीर जागी करणेच शहाणपणाचे. चार्जिंग करताना निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेटू शकतो. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग पूर्ण झाल्यावरच घालावे, आधी भरल्यास आम्ल उतू जाते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या झाकण्यापुरते आधी घालावे. नळाचे पाणी कधीही नको. उतरलेली बॅटरी तशीच ठेवल्यास प्लेटांवर शिसे-सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात.