विदर्भातील निर्वासित आणि भारतातील आश्रयकायद्याविषयीची चर्चा

भारतात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. परदेशातून जीव वाचवण्यासाठी आलेली व्यक्ती आणि मुदत संपूनही राहिलेला प्रवासी या दोघांना मूळ कायदा एकाच संज्ञेने ओळखतो, ती म्हणजे 'परकीय नागरिक'. कोणाला राहू द्यावयाचे, किती काळ आणि कोणत्या कागदावर, हे केंद्र सरकारच्या वेळोवेळीच्या आदेशांवर ठरते. या व्यवस्थेविषयीची चर्चा प्रामुख्याने आसाम, पश्चिम बंगाल व दिल्ली यांच्या संदर्भात होते. तथापि सिंधी, बंगाली आणि तिबेटी असे तीन वेगवेगळ्या काळांत आलेले समाज विदर्भात स्थायिक झालेले असल्याने या कायद्याचे परिणाम येथे जवळून पाहता येतात.

संज्ञा

मराठीत रूढ असलेला 'निर्वासित' हा शब्द ज्याचे राहते घर सुटले त्याच्याविषयी बोलतो. हिंदीतील 'शरणार्थी' हा शब्द तो काय मागतो आहे याकडे लक्ष वेधतो. 'विस्थापित' हा शब्द महाराष्ट्रात धरणग्रस्तांसाठीही वापरला जातो, आणि 'घुसखोर' या शब्दात निवाडा आधीच दिलेला असतो. नागरिकत्व कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने 'अवैध स्थलांतरित' ही संज्ञा आली. वैध पासपोर्टाविना आलेला, किंवा परवान्याची मुदत उलटूनही राहिलेला परकीय नागरिक, असा तिचा अर्थ आहे. तो का आला, हा प्रश्न या व्याख्येत नाही. पुढील बहुतेक वाद या एका उणिवेभोवती फिरतो.

संविधान सभेतील वाद

नागरिकत्वाच्या तरतुदींवर संविधान सभेत ऑगस्ट १९४९ मध्ये चर्चा झाली. मसुदा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडला आणि मसुदा समितीला या अनुच्छेदाइतका त्रास क्वचितच दुसऱ्या कशाने झाला असेल, अशा आशयाची कबुलीही दिली. या चर्चेत अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी एक दुरुस्ती सुचवली. धर्माने हिंदू वा शीख असलेली आणि अन्य कोणत्याही देशाची नागरिक नसलेली व्यक्ती, ती कोठेही राहत असली तरी, भारताच्या नागरिकत्वास पात्र असावी, असा तिचा आशय होता. पंजाबरावांची ओळख विदर्भात शिक्षणप्रसारक आणि देशाचे कृषिमंत्री म्हणून आहे. त्यांची ही दुरुस्ती फारशी स्मरणात राहिलेली नाही. सभेने ती स्वीकारली नाही.

अनुच्छेद ६ नुसार पाकिस्तानच्या प्रदेशातून १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना नागरिकत्व मिळाले. त्या तारखेनंतर आलेल्यांना नोंदणीची आणि किमान सहा महिन्यांच्या वास्तव्याची अट घालण्यात आली. अनुच्छेदात धर्माचा उल्लेख नाही. सत्तर वर्षांनंतर जो वाद रस्त्यावर आला, त्याच्या दोन्ही बाजू अशा रीतीने संविधान सभेतच मांडल्या गेल्या होत्या.

कायद्याची चौकट

१९५१ चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार आणि १९६७ चा त्याचा पूरक करार यांपैकी कशावरही भारताने स्वाक्षरी केलेली नाही. दीर्घकाळ कारभार चालला तो १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यावर. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी या कायद्याने संबंधित व्यक्तीवरच टाकली होती. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची व आणखी तीन जुन्या कायद्यांची जागा 'आप्रवास व परकीय नागरिक कायदा, २०२५' याने घेतली. सिद्धतेचा भार नव्या कायद्यातही त्याच बाजूला आहे. वैध पासपोर्ट वा व्हिसाविना प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. या नव्या कायद्यानेही निर्वासिताची व्याख्या केलेली नाही.

अनुच्छेद २१ मधील जीविताचे संरक्षण परकीयांनाही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणात स्पष्ट केले. मात्र ८ एप्रिल २०२१ रोजी जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणात, विहित प्रक्रिया पाळून त्यांची पाठवणी करण्यास न्यायालयाने मज्जाव केला नाही. देशात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क अनुच्छेद १९ नुसार केवळ नागरिकांना आहे, हे त्यामागचे कारण. मे २०२५ मध्ये एका श्रीलंकन तमिळ याचिकाकर्त्याच्या सुनावणीत, भारत ही धर्मशाळा नव्हे, अशी तोंडी टिप्पणी न्यायपीठाने केली आणि ती बरीच चर्चिली गेली.

नागपूर आणि सिंधी समाज

फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या वसाहती नागपुरात जरीपटका, खामला आदी भागांत झाल्या. त्या पिढीसाठी संसदेने नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा कायदा १९५४ मध्ये केला. तरीही त्यांना मिळालेल्या जमिनींच्या मालकीचे प्रश्न इतके रेंगाळले, की त्यासाठी राज्य मंत्रिमंडळाला २०२५ मध्ये विशेष अभय योजना मंजूर करावी लागली.

पाकिस्तानातून सिंधी हिंदूंचे येणे १९४७-४८ नंतरही थांबले नाही. नातेवाइकांकडे वा तीर्थयात्रेला म्हणून व्हिसा घेऊन यावयाचे आणि पुढे 'दीर्घ मुदतीच्या व्हिसा'साठी अर्ज करावयाचा, हा त्यांचा रूढ मार्ग आहे. या व्हिसावर बँकेत खाते उघडणे, राहण्यापुरते घर घेणे, पॅन व आधार क्रमांक मिळवणे अशा सवलती २०१६ मध्ये देण्यात आल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देशातील सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले. त्यांत महाराष्ट्रातील नागपूर, मुंबई, पुणे व ठाणे हे जिल्हे होते. अर्जाचा कागद दिल्लीपर्यंत न जाता सिव्हिल लाइन्समध्येच निकाली निघू लागणे, ही अर्जदारांच्या दृष्टीने कोणत्याही घोषणेपेक्षा मोठी गोष्ट होती.

हा आधार किती नाजूक आहे ते एप्रिल २०२५ मध्ये दिसले. पहलगाम येथील २२ एप्रिलच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंना पूर्वी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील, असे परराष्ट्र मंत्रालयाने दोनच दिवसांत स्पष्ट केले. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार राज्यातील सुमारे पाच हजार पाकिस्तानी नागरिकांपैकी दोन हजार चारशेंहून अधिक एकट्या नागपुरात होते. त्यांना मिळालेला दिलासा हक्क म्हणून नव्हे, तर खुलासा म्हणून मिळाला.

अर्जुनी मोरगाव आणि गडचिरोली

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. ती १९७२ मध्ये स्थापन झाली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. त्याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर यांसारखी पूर्व बंगालमधून आलेल्या हिंदूंची गावे आहेत. एकाच तालुक्यातील या शेजाऱ्यांचे कागद मात्र निराळे आहेत.

तिबेटींना परकीय म्हणून नोंदणी प्रमाणपत्र मिळते व त्याचे नूतनीकरण करावे लागते. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानेच नागरिक ठरतात, हे दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्णयाने स्पष्ट झाले. तरीही हा हक्क बजावावा की नाही, याविषयी त्या समाजातच दुमत आहे. नागरिकत्व घेतल्याने मायदेशाचा दावा सैल होतो, असे अनेकांना वाटते. कडक कायद्याच्या चर्चेत निर्वासिताला नागरिकत्व हवेच असते असे गृहीत धरले जाते. हे उदाहरण त्याला अपवाद आहे.

बंगाली निर्वासितांचे पुनर्वसन तत्कालीन चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीतील मूलचेरा, चामोर्शी या तालुक्यांतही झाले. त्यांच्यात नमःशूद्र मोठ्या संख्येने आहेत. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित आहे. परंतु अनुसूचित जातींची यादी राज्यनिहाय असल्याने महाराष्ट्रात त्यांना तो लाभ मिळत नाही आणि त्यासाठीची मागणी जुनी आहे. नागरिकत्व मिळाल्यानंतरही निर्वासितपण कसे उरते, याचे हे उदाहरण होय.

२०१९ ची दुरुस्ती

नागरिकत्व (सुधारणा) कायद्याला १२ डिसेंबर २०१९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. नियम मात्र ११ मार्च २०२४ रोजी आले. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती हे या कायद्याने अवैध स्थलांतरित ठरत नाहीत. नागरिकत्वासाठी त्यांच्या वास्तव्याची अट अकरा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली गेली.

समर्थकांच्या मते हे तिन्ही देश इस्लामला राज्यधर्म मानतात, तेथील अल्पसंख्याकांना भारताखेरीज आसरा नाही आणि फाळणीचे अपुरे राहिलेले कर्तव्य यातून पुरे होते. विरोधकांच्या मते छळाऐवजी धर्म ही कसोटी लावल्याने अनुच्छेद १४ चा भंग होतो, शिवाय पाकिस्तानातील अहमदिया, श्रीलंकेतील तमिळ आणि म्यानमारमधील रोहिंग्या वगळले जातात. या आक्षेपातील एक मुद्दा समर्थकांनाही सहज खोडता आलेला नाही: श्रीलंकन तमिळांत हिंदू बहुसंख्य असूनही ते बाहेर राहिले. उलट, जरीपटक्यात वर्षानुवर्षे व्हिसाच्या मुदती मोजणाऱ्या कुटुंबांचे काय, या प्रश्नाला विरोधकांच्या सभांत क्वचितच उत्तर मिळाले.

नागपुरात २२ डिसेंबर २०१९ रोजी यशवंत स्टेडियमपासून संविधान चौकापर्यंत समर्थनार्थ मोर्चा निघाला. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी त्यात सहभागी होते. विरोधी बाजूने भीम आर्मीची सभा २२ फेब्रुवारी २०२० रोजी रेशीमबाग मैदानावर झाली. पोलिसांनी नाकारलेली परवानगी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अटी घालून दिली होती.

स्वतंत्र कायद्याचे प्रयत्न

निर्वासितांसाठी आदर्श कायद्याचा मसुदा न्या. पी. एन. भगवती यांच्या पुढाकाराने तयार झाला होता. खासदार शशी थरूर यांनी आश्रयविषयक खासगी विधेयक २०१५ मध्ये व पुन्हा २०२२ मध्ये लोकसभेत मांडले. ते संमत झाले नाही. सीमेपलीकडील अस्थैर्य पाहता सरकारचे हात मोकळे राहावेत, हा स्वतंत्र कायद्याविरुद्धचा प्रमुख युक्तिवाद आहे. सप्टेंबर २०२५ च्या सूट आदेशात ही मोकळीक दिसते. वरील तीन देशांतील त्याच सहा समाजांचे लोक ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत कागदपत्रांविना आले असल्यास त्यांना शिक्षेतून सूट आहे. नागरिकत्वाची तारीख मात्र २०१४ चीच राहिली. मधल्या दहा वर्षांत आलेल्यांना त्यामुळे कारावासाची भीती नाही, पण २०१९ च्या दुरुस्तीने दिलेला नागरिकत्वाचा मार्गही त्यांना खुला नाही.