त्या दिवशी काय काय पडलं

मराठीत ‘पडणे’ हे क्रियापद फार राबतं. पाऊस पडतो, सरकार पडतं, उमेदवार पडतो, भाव पडतात, प्रश्न पडतात आणि महिनाअखेरीला पैसे कमी पडतात. हिंदीत अनुवाद करायला बसलं की या एकत्र कुटुंबाची वाटणी करावी लागते. आमच्या रायपूरच्या हिंदीत पाणी ‘गिरता’, सरकार ‘गिरती’, उमेदवार मात्र ‘हारता’. बुधवार, ११ जुलै १९७९ या दिवसाची बातमी सांगायला म्हणूनच मराठीसारखी सोयीची भाषा नाही. त्या दिवशी सगळं पडण्याच्याच बेतात होतं.

सर्वांत वर होती स्कायलॅब. अमेरिकेची ही ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा १९७३ च्या मे महिन्यात वर गेली. अंतराळवीरांच्या तीन तुकड्या तिथे राहून आल्या, शेवटची १९७४ च्या फेब्रुवारीत परतली, आणि मग घर रिकामं पडलं. स्पेस शटल जाऊन तिला वर ढकलील असा बेत होता. पण शटलला उशीर झाला, आणि सूर्याने अपेक्षेपेक्षा जास्त जोर धरल्याने वातावरण फुगलं. त्याच्या घर्षणाने ती खाली येऊ लागली. कुठे पडणार, हे नासाला सांगता येईना. त्याऐवजी नासाने गणित सांगितलं: पृथ्वीवरच्या कुणाला तरी इजा होण्याची शक्यता १५२ मध्ये एक, पण नेमकी तुम्हालाच होण्याची साठ हजार कोटींत एक. पहिला आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला, दुसरा कुणीच मनावर घेतला नाही.

प्रयोगशाळेची कक्षा ५० अंश उत्तर ते ५० अंश दक्षिण अशी होती, म्हणजे अख्खा भारत तिच्या खाली. राज्याराज्यांत पोलिसांना सावध राहायला सांगितलं गेलं. आमची पिढी तेव्हा पाळण्यात किंवा पाळण्याच्याही आधी. पण जुन्या मंडळींना विचारावं, की किस्से सुरू होतात. कुणी मरायचंच आहे तर म्हणून कोंबड्या कापून खाल्ल्या, कुणी उधारी फेडायचं लांबवलं, कुणी खाटेखाली झोपलं. हे किस्से रायपुरात ऐका, विदर्भात ऐका, तेलंगणात ऐका. कोंबडी सगळीकडे तीच. तेलुगूत तर २०२१ मध्ये ‘स्कायलॅब’ नावाचा सिनेमाच निघाला.

रायपूरच्या खेड्यांना मात्र उपग्रह हा शब्द नवा नव्हता. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. नासाने आपला एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला दिला, आणि देशातल्या सहा भागांतल्या सुमारे २४०० गावांत सामुदायिक दूरदर्शन संच लागले. त्या सहांपैकी एक भाग रायपूरचा. संध्याकाळी गाव संचासमोर जमायचं. ३१ जुलै १९७६ ला मुदत संपली आणि उपग्रह परत गेला. तीनच वर्षांनी त्याच नासाची दुसरी वस्तू डोक्यावर पडणार म्हटल्यावर लोकांना काय वाटलं असेल? पाहुणा एकदा टीव्ही दाखवून गेला, आता छप्पर मोडायला येतोय!

‘साइट’च्या वर्षी केंद्रात माहिती व नभोवाणी खातं होतं रायपूरचेच खासदार विद्याचरण शुक्ल यांच्याकडे. आणीबाणीतला तो काळ. किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून बंद करण्याची कीर्ती त्यांचीच. १९७७ ला रायपूरने त्यांना पाडलं आणि समाजवादी पुरुषोत्तम कौशिक यांना निवडून दिलं. मोरारजी देसाईंनी कौशिकांना पर्यटन व नागरी विमान वाहतूक खातं दिलं. म्हणजे स्कायलॅब येत होती तेव्हा देशाच्या आकाशातल्या वाहतुकीचे मंत्री आमचेच होते! वरून बिनतिकिटाची येणारी ७७ टनांची वस्तू वाहतुकीत मोडते की पर्यटनात, हा प्रश्न कुणी त्यांना विचारायला हवा होता.

पण मंत्र्यांना त्या दिवशी आकाशापेक्षा लोकसभेची काळजी असणार. ११ जुलैलाच यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. कोण राहणार, कोण फुटणार, याचं गणित कुणाकडेच नव्हतं. १५२ मध्ये एक असंही नाही.

रात्री दहा वाजून सात मिनिटांच्या सुमारास स्कायलॅब पडली. जवळजवळ ३५ हजार प्रदक्षिणा घालून थकलेली ती समुद्रात जायची, पण तिचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्सच्या आसपास विखुरले. कुणाला खरचटलंही नाही. तिथल्या नगर परिषदेने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड ठोठावला. चारच दिवसांनी, १५ जुलैला, मोरारजींनी राजीनामा दिला. त्यांच्या सरकारचे तुकडे मात्र अचूक दिल्लीतच पडले आणि बहुतेक उचललेही गेले: चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात यशवंतराव उपपंतप्रधान झाले, आणि कौशिकांना मिळालं माहिती व नभोवाणी खातं. शुक्लांचंच.

पडला नाही तो पाऊस.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात छत्तीसगढातला शेतकरी वर बघतो, तो उपग्रहासाठी नव्हे. इथे धान फेकून पेरतात आणि महिनाभराने, बांधीत पाणी साचलं की, उभ्या पिकातून हलका नांगर फिरवतात. त्याला बियासी म्हणतात. तण मरतं, रोपं विरळ होतात, फुटवे येतात. पाणी साचलं नाही तर बियासी नाही, आणि बियासी नाही तर पिकाचं काही खरं नाही. त्या वर्षी देशात पाऊस सरासरीपेक्षा सुमारे १९ टक्के कमी झाला. धान्याचं उत्पादन आदल्या वर्षीच्या १३ कोटी टनांवरून ११ कोटींच्या खाली आलं. याचा अंदाज नासाने द्यायचा नव्हता, आणि दिला असता तरी त्यासाठी कुणी खाटेखाली झोपलं नसतं. स्कायलॅब एका रात्रीत पडते. दुष्काळ चार महिने पडत असतो, त्याची तारीख काय छापणार?

अशा वर्षी छत्तीसगढातली माणसं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर निघतात. सरकारी हिंदीत त्याला ‘पलायन’ म्हणतात, जणू काही चोरी करून पळाले. माणसं स्वतः म्हणतात, ‘कमाए-खाए बर जाथन’. एका अनुवादात हे वाक्य आलं तेव्हा मी ‘जगायला बाहेर पडतो’ असं केलं. ‘स्थलांतर करतो’ असं सुचवून आलं होतं. मी ‘पडतो’ ठेवलं.