पलेगाचं साल

शिराळ्याकडच्या जुन्या माणसांना जन्मसाल विचारलं तर आकडा क्वचितच मिळायचा. कुणी 'पलेगातला', कुणी 'मानमोडीतला'. मानमोडी म्हणजे १९१८ ची तापाची साथ. ती आली आणि वर्षभरात गेली. पलेगाचं तसं नव्हतं. पहिला पलेग माझ्या आजीच्या सासूनं पाहिला, आणि पुढच्या एका फेऱ्यात स्वतः आजी लहानपणी माळावर राहून आली.

"घरात उंदीर पडला की तव्यावरची भाकरी तव्यावर ठेवून उठायचं," आजी सांगायची. गावाबाहेर कडब्याच्या खोपी उभ्या राहायच्या, दोन खोपींमध्ये कासराभर अंतर. जनावरं बरोबर, पण धान्याची कणगी मागं घरातच. तिच्या सासूच्या वेळी भावकीतला एकजण रात्री गुपचूप गावात शिरला आणि पाटीभर जोंधळे घेऊन आला. चौथ्या दिवशी त्याच्या जांघेत गाठ उठली. त्यानंतर त्या खोपीत कुणी जोंधळे मागितले नाहीत; मिळेल ती भाजी उकडून खाल्ली. निघताना घराची कौलं सरकवून ठेवत, आत ऊन पडावं म्हणून.

हे सगळं शिराळ्याच्या डोंगरात कुठून आलं? समुद्रावरून. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये प्लेग भडकला आणि जहाजांच्या वाटेनं मुंबई बंदरात आला. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो मांडवीत ओळखला. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. उंदरांना याहून बरी जागा कुठली! युरोपातली बंदरं हिंदुस्थानचा माल अडवतील या धास्तीनं सरकार हललं आणि ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगाचा कायदा आला. जहाजं तपासायची, आगगाडीतली माणसं उतरवून पाहायची, संशयिताला वेगळं ठेवायचं, हे सारे अधिकार त्यात आले. माझ्या मते त्या कायद्याला व्यापाराची काळजी आधी होती, माणसाची नंतर. माणसाची काळजी पाहायची तर सावित्रीबाई फुल्यांकडे पाहावं. सातारा जिल्ह्यातल्या नायगावची ही लेक मुंढव्याहून एका आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आली आणि त्याच रोगानं १० मार्च १८९७ ला गेली.

शिराळा तेव्हा सातारा जिल्ह्यात, वाळवे तालुक्याखाली. इथली माणसं मुंबईला जुनीच सरावलेली. रेल्वे येण्याआधी कराडचा माल कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाई आणि तिथून गलबतानं मुंबईला. माणसंही त्याच वाटेनं जात. आजीचे चुलत सासरे गोदीत हमाली करत. साथीत ते गावी आले नाहीत, आणि घरच्यांनीही या म्हटलं नाही. आली ती त्यांची मनिऑर्डर आणि एक पैशाचं कार्ड. कार्ड १८७९ पासून मिळत होतं, मनिऑर्डर टपालखात्याकडे आली १८८० मध्ये. पण आमच्या घराला या दोन्हींची किंमत कळली ती माळावर. टपालवाला गावात जाऊन पाहायचा, घर उघडं, माणूस नाही. मग तो माळावर यायचा, लांब उभा राहून नाव पुकारायचा आणि तिथूनच कार्ड मोठ्यानं वाचायचा. घरची खुशाली, उधारी, कुणाचं लग्न पुढं ढकललं, सगळं साऱ्या माळानं ऐकायचं. पैसे घेताना अंगठा उठवायला मात्र जवळ जावंच लागे. तरीही तो माणूस येत राहिला, याचं मला फार मोल वाटतं. कुठल्या कागदात त्याचं नाव सापडायचं नाही.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं दाखवून दिलं, की मेलेल्या उंदरावरच्या पिसवा माणसाला चावून प्लेग देतात. डॉक्टर मंडळींना हे पटायला पुढं जवळजवळ दहा वर्षं गेली. पिसवेचं आमच्या बायकांनाही ठाऊक नव्हतं. पडलेला उंदीर पाहून घर सोडायचं, एवढं त्यांनी शेजारच्या घरात मेलेल्या माणसांवरून शिकून घेतलं होतं.

साथ ओसरली, कौलं परत बसली. चुलत सासऱ्यांनी गोदी सोडली नाही. वर्षा-दोन वर्षांत त्यांनी दोघा पुतण्यांनाही तिकडं बोलावून घेतलं.