चौकाबाहेरची रेघ

कोकणातल्या जुन्या चित्रांना बहुधा चित्रकाराचे नाव नसते. रत्नागिरी तालुक्यात उक्षीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला एक भला मोठा हत्ती आहे. तो कोणी कोरला हे कळायला आज काही मार्ग नाही. याच किनारपट्टीच्या उत्तर टोकाला, डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर, लग्नघराच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या सवाशिणींनी रंगवल्या. त्यांचीही नावे कुठे उतरली नाहीत. हत्तीच्या बाबतीत काळ आडवा आला, या बायकांच्या बाबतीत मात्र नाव विचारावे असे कोणाला वाटलेच नाही. त्यामुळे १९७०च्या दशकात जिव्या सोमा म्हसे हे नाव एकदम पुढे आले, तेव्हा त्याचा उलगडा करायला गरिबीची गोष्ट हाताशी होतीच. १९३४ साली तलासरीकडच्या धामणगावात जन्म, लहानपणीच आई गेली, त्या धक्क्याने वाचा बसली आणि मुलगा धुळीत चित्रे काढून आपले म्हणणे सांगू लागला. ही हकीकत हेलावून टाकणारी आहे, पण तिने चित्रांचा उलगडा होत नाही. दुःख आणि दारिद्र्य त्या पाड्यांवर घरोघर होते. म्हसे वेगळे ठरले ते रेघेचा वेगळा विचार केल्यामुळे, असे माझे मत आहे.

तो विचार समजायला आधी चौक पाहावा लागतो. शेणाने आणि गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी, एवढीच सामग्री. मधोमध चौकोन, त्यात पालघट देवी. शेजारी लहान चौकात पंचशिऱ्या देव. हे चित्र म्हणजे लग्नविधीचाच भाग. चौकाशिवाय लग्न लागत नाही आणि लग्न नसले तर चौकाला प्रयोजन नाही. चौकाबाहेर झाडे, माणसे, जनावरे येत, पण देवीच्या भोवतीने. म्हसे रोज, विधीचे निमित्त नसताना, चित्र काढू लागले. हस्तकला मंडळाच्या कामासाठी वारली भागात आलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी कागद दिला आणि या रेघेला भिंतीबाहेर जागा मिळाली. आता देवीच्या भोवतीचे जग हाच चित्राचा विषय झाला. त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र पाहावे. जाळ्याचा एकेक डोळा स्वतंत्र काढलेला, रेघ कुठे दाट तर कुठे विरळ, त्यामुळे सपाट कापडावर जाळे फुगल्यासारखे, पाण्यात हलल्यासारखे दिसते. माणसे मात्र जुनीच, टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांची. व्याकरण परंपरेचे ठेवायचे आणि हालचाल स्वतःच्या निरीक्षणातून आणायची, ही त्यांची रीत. तत्त्वज्ञान म्हणायचे तर तेच. ते शब्दांत नव्हे, काडीच्या टोकाशी सापडते.

यावर पहिला आक्षेप असा की, बायकांची कला एका पुरुषाने उचलली आणि मान त्याला मिळाला. यातला अन्याय खरा आहे आणि तो मला झटकून टाकता येत नाही. १९७६चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ची पद्मश्री, १९८९चे पॅरिसमधले ‘मॅजिसियाँ द ला तेर’ प्रदर्शन, ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्याबरोबरचे प्रदर्शन, या सगळ्यावर एकच नाव आहे. पण सवाशिणींची नावे म्हसे यांनी पुसली नव्हती. ती आधी कधी लिहिलीच गेली नव्हती. आणि त्यांनी चौकाची नक्कल केली असती तर आक्षेप पुरता लागू पडला असता. त्यांच्या कापडावर आले ते पेरणी, कापणी, तारपा या फुंकवाद्याच्या तालावर वळत जाणारा नाच, मुंग्यांची रांग. चौक सवाशिणींचाच राहिला.

दुसरा आक्षेप बाजाराचा. कागद आला तसे गिऱ्हाईक आले आणि मग चहाच्या कपापासून साडीपर्यंत ठरावीक तारपानाच उमटला. हेही खरे आहे. पण छाप्यातला नाच आणि म्हसे यांचा नाच शेजारी ठेवून पाहावेत. छाप्यातली माणसे एकाच मापाची, एकाच अंतरावर उभी असतात. म्हसे यांच्या वर्तुळात कोणाचा गुडघा जास्त वाकलेला, कोणाचा हात पुढच्याच्या कमरेपाशी पोहोचता पोहोचता राहिलेला. हा फरक ज्याला दिसतो, तो बाजाराचा दोष चित्रकाराच्या माथी मारणार नाही. शिवाय त्या भागातल्या शेतकरी-मजूर कुटुंबांना चित्रांमुळे चार पैसे मिळू लागले. भिंतीवरचे चित्र विधीपुरतेच राहावे आणि काढणाऱ्याने उपाशी राहून परंपरेची शुद्धता जपावी, ही अपेक्षा शहरात बसून करणे सोपे आहे.

म्हसे २०१८ साली गेले. सदाशिव आणि बाळू ही त्यांची मुले चित्रकारच झाली आणि आज वारली स्त्रियाही कागदावर चित्रे काढून खाली स्वतःचे नाव लिहितात.